एकट्या पिंजऱ्यातला उंदीर

१९६३ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक छोटासा शोधनिबंध छापून आला. लिहिणारे होते हॅच आणि त्यांचे सहकारी, कॅनडातल्या ओटावा शहरात सरकारच्या अन्न व औषध विभागाच्या प्रयोगशाळेत काम करणारे. प्राण्यांच्या मनाचा अभ्यास हा काही त्यांचा प्रांत नव्हता. कुठलं औषध किती मात्रेपर्यंत अंगी सोसतं आणि कुठल्या मात्रेला प्राणी दगावतो, हे मोजणं त्यांचं रोजचं काम. असं मोजायचं तर प्रत्येक प्राण्याला वेगळा पिंजरा देणं सोयीचं पडतं. कोणी किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, कोणाचं वजन घटलं, याचा हिशेब चोख राहतो.

पण महिनोन् महिने एकेकटे ठेवलेले ते पांढरे उंदीर बदलत गेले. ते बिथरू लागले, अंगावर येऊ लागले, हाताळायला कठीण झाले. त्यांच्या शेपटीवर खवले धरले. आणि औषधाच्या परीक्षेत खरा धक्का बसला. आयसोप्रोटेरेनॉल हे हृदयाची गती वाढवणारं आणि श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध. कळपात राहणारे उंदीर ज्या मात्रेला तगून राहत होते, तिच्यापेक्षा पुष्कळ कमी मात्रेला एकटे उंदीर मरत होते. जात तीच, खाद्य तेच, औषधही तेच. फरक एवढाच की एकाला शेजारी होता, दुसऱ्याला नव्हता.

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे त्याचं बीज या निबंधात आहे. एकट्या उंदराचा पिंजरा ही ‘काहीच न केलेली’ अवस्था आहे, असं विज्ञानाने फार काळ गृहीत धरलं. प्रत्यक्षात सोबत काढून घेणं ही त्या प्राण्यावर केलेली एक जबरदस्त क्रिया असते. तिचा परिणाम मेंदूपासून शेपटीच्या कातडीपर्यंत पोचतो. आणि गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की हा परिणाम शास्त्रज्ञांच्या लक्षात पुन्हा पुन्हा आला तो दुसरंच काही शोधताना.

ओटावाच्या आधीही याचा एक उलटा पुरावा मिळालेला होता. १९४० साली गन आणि गर्ड यांना, आणि १९४६ साली इंग्लंडमध्ये चान्स यांना दिसलं होतं की अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक औषध छोट्या उंदरांना दाटीवाटीने ठेवून दिलं तर एकट्यापेक्षा कमी मात्रेत जीव घेतं. म्हणजे एका औषधाला सोबत घातक, दुसऱ्याला एकटेपण घातक. औषधाच्या बाटलीवर जी मात्रा छापली जाते तिच्यामागे कुठल्या तरी पिंजऱ्यातली वस्ती दडलेली असते, हे या दोन्ही गोष्टींतून उघड व्हायला हवं होतं. ते तेव्हा फारसं झालं नाही.

उंदरांबद्दल थोडं सांगायला हवं. प्रयोगशाळेत मुख्यतः दोन जातींचे उंदीर असतात. एक मोठा, ज्याला तिथे सगळे ‘रॅट’ म्हणतात. गटारात, गोदामात, बंदरावर राहणाऱ्या तपकिरी उंदराचा हा पाळीव वंशज. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९०६ साली त्याची पैदास सुरू झाली आणि ‘विस्टार’ हे नाव आजही जगभरच्या अ‍ॅनिमल हाउसच्या फलकांवर असतं. दुसरा घरातला छोटा उंदीर, वजनाने पंचवीस-तीस ग्रॅमचा. दोघेही जन्मतात ते उघडे, आंधळे आणि भावंडांच्या ढिगात. आई उठून गेली की पिल्लं एकमेकांच्या अंगाखाली शिरतात. वरचं पिल्लू गार पडलं की खाली सरकतं, खालचं तापलं की वर येतं. साधारण २१ दिवसांनी दूध तुटतं आणि मग सुरू होते ती झोंबाझोंबी. मानेत तोंड खुपसायचं, पालथं पाडायचं, पळायचं, पुन्हा यायचं. याक पँक्सेप यांनी दाखवून दिलं की या खेळात रॅट सुमारे ५० किलोहर्ट्झचे, माणसाच्या कानाला न येणारे आवाज काढतात. गुदगुल्या केल्या तरी तेच आवाज. भीतीचा आवाज निराळा, सुमारे २२ किलोहर्ट्झचा. हा प्राणी वासाने, स्पर्शाने आणि आवाजाने सतत दुसऱ्याशी जोडलेला असतो. त्याला भुसा घातलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात एकटं ठेवलं की खाद्य, पाणी, उजेड, स्वच्छता यांत काहीही कमी नसतं. कमी असतं ते बाकीचं सगळं.

आता प्रश्न येतो तो मोजण्याचा. उंदीर अस्वस्थ आहे हे ठरवायचं कसं? त्याला विचारता येत नाही. १९३४ साली कॅल्व्हिन हॉल यांनी रॅटला एका मोठ्या, उजेडाच्या, मोकळ्या रिंगणात सोडलं आणि त्याच्या लेंड्या मोजल्या. घाबरलेला रॅट जास्त लेंड्या टाकतो आणि कडेकडेने फिरतो. ही युक्ती आजही चालते. १९८० च्या दशकात तिच्या जोडीला अधिक चिन्हासारखा चौक आला: जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच, चार पट्ट्या, त्यातल्या समोरासमोरच्या दोन पट्ट्यांना भिंती, बाकीच्या दोन उघड्या. उंदराला मध्यभागी ठेवायचं आणि पाच मिनिटं पाहायचं. उंदराला नवी जागा हुंगायचीही असते आणि उघड्यावर पडायची भीतीही वाटते. जो भिंतींच्या आड दडून राहतो तो अधिक चिंतित, असा हिशेब. चिंता कमी करणारी, डायझेपामसारखी औषधं दिली की उंदीर उघड्या पट्ट्यांवर जास्त वेळ काढतात, म्हणून या चाचणीवर विश्वास बसला.

लहानपणापासून एकटे वाढवलेले रॅट या चौकात बहुधा भिंती सोडत नाहीत. नव्या जागेत मात्र ते शांत बसतीलच असं नाही; उलट अनेकदा ते सैरावैरा पळतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, किती चपळ प्राणी! पण ती चपळाई उतावळी असते. नव्या जागेची ओळख झाली की नेहमीचा रॅट निवांत होतो. एकटा वाढलेला होत नाही. मला यातला महत्त्वाचा शब्द ‘सवय’ हा वाटतो. एकटेपणाने भीती फक्त वाढते असं नाही, भीती ओसरण्याची क्रियाच मंदावते. पुढे ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत परत परत येणार आहे.

ताण म्हणजे शरीराच्या भाषेत काय, याचं उत्तरही उंदरांनीच दिलं. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी रॅटना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्यं असं काय काय सोसायला लावलं आणि त्यांना दिसलं की कारण कोणतंही असो, अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाढतात, थायमस आक्रसते, जठरात व्रण पडतात. आज ही साखळी नीट माहीत आहे. मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला इशारा देतो, पिट्यूटरी रक्तातून अ‍ॅड्रिनलला, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी संप्रेरक सोडते. माणसात ते कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. हे संप्रेरक परत मेंदूत पोचतं आणि इशारा थांबवतं, गच्चीवरची टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो तसं. तगडी ताण-यंत्रणा म्हणजे न तापणारी नव्हे. झटकन तापणारी आणि वेळेवर थंड होणारी.

एकट्या उंदरांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन नेहमीच चढलेलं असतं, असं वाचकाला वाटेल. तसं नाही. काही प्रयोगांत ते वाढलेलं आढळतं, काहींत कमी, बऱ्याच प्रयोगांत सारखंच. इथे बरेच अभ्यासक गोंधळतात आणि काही जण एकटेपणाच्या परिणामावरच शंका घेतात. माझ्या मते चूक मोजण्याच्या वेळेत आहे. सकाळी शांत बसलेल्या उंदराचं रक्त काढून फारसं कळत नाही. काही तरी घडू द्यावं लागतं आणि मग ते संप्रेरक किती वेळात खाली येतं हे पाहावं लागतं.

शिकागो विद्यापीठात ग्रेचेन हर्म्स आणि मार्था मॅक्लिंटॉक यांनी नेमकं हे केलं. वयात आल्यापासून एकट्या ठेवलेल्या रॅट-माद्या आणि गटात राहणाऱ्या माद्या यांची त्यांनी आयुष्यभर नोंद ठेवली. ही जात अशी की तिच्या माद्यांना उतारवयात आपोआप स्तनांच्या गाठी होतात. एकट्या माद्या तरुणपणीच सावध, भित्र्या होत्या आणि रोजच्या बारीकसारीक ताणानंतर त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन लवकर उतरत नव्हतं. हे गाठी येण्याच्या कित्येक महिने आधी. पुढे गाठी आल्या तेव्हा त्यांच्या शरीरातल्या गाठींचा एकूण भार गटातल्या माद्यांपेक्षा ८४ पट होता आणि घातक कर्करोगाची जोखीम तिपटीहून अधिक. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८४ पट हा आकडा वाचून मी थांबलो होतो. जीवशास्त्रात इतका मोठा फरक क्वचित दिसतो. मात्र तो माणसांवर जसाच्या तसा लावू नये. रॅटच्या एका विशिष्ट वाणात, विशिष्ट परिस्थितीत मिळालेला तो आकडा आहे. त्यातून दिसणारी दिशा मात्र विसरता येत नाही.

आता पुन्हा अपघाताकडे. गिलियन मॅथ्यूज लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये कोकेनवर काम करत होत्या. मेंदूच्या देठाजवळ, डॉर्सल राफे नावाच्या भागात डोपामिन बनवणाऱ्या थोड्या पेशी असतात. कोकेनच्या एका मात्रेने त्यांच्या जोडण्या बळकट होतात का, हे त्यांना पाहायचं होतं. छोट्या उंदरांना इंजेक्शन द्यायचं, २४ तास वेगळं ठेवायचं, मग मेंदूचे पातळ काप घेऊन पेशी तपासायच्या. तुलनेसाठी काही उंदरांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं आणि तसंच वेगळं ठेवायचं. कोकेनवाल्या उंदरांत जोडण्या बळकट झालेल्या दिसल्या. मिठाच्या पाण्यावाल्यांतही तितक्याच दिसल्या. म्हणजे काम कोकेनने केलं नव्हतं. एका दिवसाच्या एकटेपणाने केलं होतं. गटात राहिलेल्या उंदरांत तो बदल नव्हताच.

पुढे मॅथ्यूज अमेरिकेत एमआयटीमध्ये के टाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि २०१६ साली ‘सेल’मध्ये हा शोध सविस्तर आला. प्रकाशाने पेशी चालू-बंद करण्याचं तंत्र वापरून त्यांनी त्याच पेशी चेतवल्या. उंदीर दुसऱ्या उंदराकडे ओढले गेले. पण मोकळीक दिली तर जिथे हा प्रकाश लागतो ती जागा त्यांनी टाळली. म्हणजे या पेशी सोबतीचं सुख देत नाहीत. त्या सोबत नसण्याची टोचणी देतात, आणि ती टोचणी उंदराला उठवून सोबत शोधायला लावते. भूक अन्नाचा आनंद नसते, ती अन्न शोधायला लावणारी अस्वस्थता असते, हे तसंच. आणखी एक बारीक गोष्ट: पिंजऱ्यात ज्या उंदराचा वरचष्मा होता त्याच्यावर या पेशींचा परिणाम जास्त झाला, दबून राहणाऱ्यावर कमी. ज्याला सोबतीतून काही मिळत होतं त्यालाच तिची उणीव अधिक जाणवली, असा अर्थ लावता येतो.

या कामाने प्रेरित होऊन एमआयटीतच लिव्हिया टोमोवा आणि रेबेका सॅक्स यांनी ४० माणसांना दहा तास एकांतात ठेवलं, फोन आणि समाजमाध्यमांशिवाय. वेगळ्या एका दिवशी त्याच माणसांना दहा तास उपाशी ठेवलं. एकांतानंतर माणसं एकत्र हसतखेळत असल्याची चित्रं पाहताना त्यांच्या मध्यमेंदूतला डोपामिनचा भाग तसाच चेतला, जसा उपासानंतर अन्नाची चित्रं पाहताना. हा निबंध २०२० साली आला तेव्हा निम्मं जग घरात कोंडलेलं होतं. प्रयोग मात्र त्याआधीच झाले होते.

एक दिवसाच्या एकटेपणाने सोबतीची ओढ लागते. मग दोन आठवड्यांनी ती दुप्पट व्हायला हवी? होत नाही. ती उलटते. आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या संशोधनातला सर्वांत विलक्षण भाग हाच आहे.

२०१८ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत मोरिएल झेलिकोव्स्की आणि डेव्हिड अँडरसन यांनी छोट्या उंदरांना दोन आठवडे एकटं ठेवलं. त्यानंतर दुसरा उंदीर समोर आला की ते त्याच्यावर तुटून पडत. मिळालेली सोबत त्यांना धोका वाटू लागली होती. डोक्यावर मोठी होत जाणारी काळी चकती दाखवली, म्हणजे वरून ससाणा झेपावल्याचा भास दिला, तर गटातले उंदीर चकती गेल्यावर थोड्या वेळात हालचाल करू लागत. एकटे उंदीर धोका टळल्यावरही गोठून बसत. पुन्हा तेच: भीती येते सगळ्यांना, पण एकट्याची जात नाही. हे फक्त २४ तासांच्या एकटेपणाने झालं नाही.

मेंदूत पाहिलं तर टॅक२ नावाचं एक जनुक ठिकठिकाणी जोमाने चालू झालेलं होतं. ते न्यूरोकायनिन-बी नावाचा छोटा प्रथिनरूपी संदेशवाहक बनवतं. त्याचा परिणाम अडवणारं ओसॅनेटँट नावाचं औषध दिल्यावर एकटेपणाचे जवळजवळ सगळे परिणाम टळले. उलट दिशेने, गटात सुखाने राहणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हेच द्रव्य कृत्रिमरीत्या वाढवलं, तर ते एकट्या उंदरांसारखे भांडखोर आणि भित्रे झाले. पुढे त्यांनी हे द्रव्य मेंदूच्या एकेका भागात वेगळं अडवून पाहिलं. अमिग्डालामध्ये अडवलं तर भीतीचा पहिला झटका कमी झाला; हायपोथॅलॅमसच्या एका भागात अडवलं तर हल्ले कमी झाले; आणि स्ट्रिया टर्मिनॅलिसच्या पेशीसमूहात अडवलं तर भीतीचं रेंगाळणं थांबलं. एकच द्रव्य, तीन ठिकाणी तीन कामं. एकटेपण हा मेंदूतला एखादा बिंदू नाही, मेंदूभर पसरलेली एक अवस्था आहे, हे इतक्या स्वच्छपणे याआधी क्वचितच दिसलं होतं.

ओसॅनेटँट हे औषध माणसांत दुसऱ्या आजारांसाठी पूर्वी तपासलं गेलं होतं आणि ते अंगी सोसतं असंही दिसलं होतं, म्हणून बातम्यांत ‘एकटेपणावर गोळी’ असे मथळे यायला वेळ लागला नाही. ते मथळे मला पटत नाहीत. एकांतकोठडीतून सुटलेला कैदी, नवऱ्यामागे राहिलेली म्हातारी आणि दोन आठवडे एकटा राहिलेला नर उंदीर यांना एका माळेत ओवता येत नाही.

वयाचा मुद्दा आता येतो आणि तो फार कठोर आहे. १९७७ साली डोरोथी आयनॉन आणि मॉर्गन यांनी इंग्लंडमध्ये दाखवलं की रॅटच्या आयुष्यातला साधारण २५ ते ४५ दिवसांचा काळ निर्णायक असतो. हाच झोंबाझोंबीचा काळ. या दिवसांत एकटा राहिलेला रॅट नंतर गटात ठेवला तरी पुरता सावरत नाही. त्यानंतर एकटा पडलेला सोबत मिळाली की सावरतो. याच आयनॉन यांच्या पुढच्या कामातली एक नोंद आशा देणारी आहे: त्या काळात एकट्या पिल्लाला दिवसातून तासभर जरी दुसऱ्याशी खेळू दिलं तरी बरंचसं नुकसान टळतं. तासभर सोबत आणि तेवीस तास एकटेपण. प्रमाण कुठेही जुळत नाही, पण खेळाचं मोल असंच आहे.

याचं पेशींच्या पातळीवरचं रूप २०१२ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. त्यामुळे संदेश वेगाने जातो. बोस्टनमध्ये मानाबू माकिनोदान आणि गॅब्रिएल कॉर्फस यांना आढळलं की २१ ते ३५ या दिवसांत एकट्या राहिलेल्या छोट्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात मायलिन पातळ राहतं आणि नंतर सोबत दिली तरी भरून येत नाही. ३५ दिवसांनंतर एकटं ठेवलं तर हा परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी पॅट्रिझिया कसाचिया यांच्या गटाने प्रौढ उंदरांना आठ आठवडे एकटं ठेवलं. त्यांचंही मायलिन घटलं. म्हणजे पुरेसा काळ गेला तर प्रौढ मेंदूही सुटत नाही. पण या प्रौढांना पुन्हा सोबत मिळाल्यावर ते सुधारलं. दोन निबंध शेजारी ठेवून वाचले की कळतं, वय आणि काळ ही दोन मापं हाती नसतील तर ‘एकटेपणाचा परिणाम’ हे शब्दच अपुरे आहेत.

त्याहून लहान वयाचं काम आपल्या मुंबईत झालं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा अनेक वर्षं ताण, सेरोटोनिन आणि भावना यांचं नातं शोधते आहे. रॅटची पिल्लं जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईपासून दूर ठेवली, तर ती मोठेपणी अधिक चिंतित होतात. वैद्य यांच्या गटाने २०११ साली दाखवलं की त्याच दिवसांत सेरोटोनिनच्या एका प्रकारच्या ग्राहींना औषधाने अडवलं तर पुढची चिंता उद्भवत नाही. इथे बाकीचे एकवीस तास आई आणि भावंडं सोबतीला असतात. तरीही मेंदू त्या तीन तासांची नोंद ठेवतो आणि ती कित्येक आठवड्यांनी, चाचणीच्या चौकात, दिसून येते.

यावरून सगळ्याच उंदरांना गर्दी हवी असते असा निष्कर्ष काढला तर फसगत होईल. सिरियन हॅमस्टर हा प्रयोगशाळांतला तिसरा परिचित कृंतक. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल आहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या शेतातल्या बिळातून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं मिळवली. जगभरच्या प्रयोगशाळांतले बहुतेक हॅमस्टर त्या एका कुटुंबाची संतती आहेत. हा प्राणी निसर्गात एकटाच राहतो. प्रौढ हॅमस्टर एका पिंजऱ्यात कोंबले तर मारामाऱ्या होतात. त्याच्यासाठी एकटा पिंजरा हे घर आहे आणि सोबत हा ताण. छोट्या उंदरांच्या नरांचंही काहीसं असंच. भावंडं म्हणून एकत्र वाढले तर चालतं, अनोळखी प्रौढ नर एकत्र टाकले तर रक्त निघतं. नर-मादीचा फरकही आहे. ब्राउन आणि ग्रुनबर्ग यांनी १९९५ साली रॅटमध्ये पाहिलं की गर्दीने नरांचं कॉर्टिकोस्टेरॉन चढतं आणि माद्यांना मात्र गर्दीत स्वास्थ्य मिळतं. फक्त नरांवर प्रयोग करून सगळ्या जातीबद्दल बोलण्याची जुनी सवय इथे उघडी पडते.

दुसऱ्या टोकाला प्रेअरी व्होल. अमेरिकेच्या इलिनॉयसारख्या गवताळ प्रदेशातला हा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो आणि बहुधा ती जोडी टिकते. अँजेला ग्रिपो आणि स्यू कार्टर यांनी व्होलच्या माद्यांना बहिणींपासून चार आठवडे वेगळं ठेवलं तेव्हा त्यांना साखरेच्या पाण्याची गोडी राहिली नाही, हृदयाचे ठोके वाढले आणि ठोक्यांमधली नैसर्गिक लवचीकता घटली. रोज ऑक्सिटोसिन दिल्यावर हे परिणाम टळले. ऑलिव्हर बॉश आणि लॅरी यंग यांच्या प्रयोगात नराला त्याच्या जोडीदारणीपासून दूर केलं की तो पाण्यात सोडल्यावर धडपड न करता तरंगत राहायचा. भावापासून दूर केलं तर तसं होत नसे. कोणापासून दूर, हेही प्राणी मोजतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही, ती म्हणजे थंडी. छोट्या उंदराला साधारण ३० अंश सेल्सिअसला सुख वाटतं. प्रयोगशाळा माणसाच्या सोयीने २० ते २४ अंशांवर ठेवलेली असते. गटातले उंदीर एकमेकांना चिकटून ऊब धरतात. एकट्याला ती ऊब स्वतःच निर्माण करावी लागते, जास्त खावं लागतं, जास्त ऊर्जा जाळावी लागते. म्हणून एकट्या उंदरात दिसलेल्या बदलांपैकी किती मनाचे आणि किती गारठ्याचे, हे वेगळं काढावं लागतं. घरटं बांधायला पुरेसा कागद किंवा कापूस दिला तर हा घोटाळा बराच कमी होतो. इतकी साधी सोय, आणि कित्येक दशकं ती दिली गेली नाही.

सोबतीने काय भरून निघतं, हे टोक्यो विद्यापीठात यासुशी कियोकावा यांनी सुंदर रीतीने दाखवलं आहे. एखाद्या आवाजाची भीती शिकवलेला रॅट तो आवाज ऐकताच गोठतो. पण जाळीपलीकडे दुसरा रॅट असेल, अगदी अनोळखी असला तरी, तर गोठणं कमी होतं आणि ताणाचं संप्रेरकही कमी चढतं. दुसरा रॅट नसून फक्त त्याचा वास असेल, तरी परिणाम दिसतो. म्हणजे भीती ओसरायला लावणारी ती ताकद, जी एकट्याजवळ उरत नाही, ती बरीचशी दुसऱ्याच्या अंगाच्या वासातून येत असते.

नियम आता बदलले आहेत. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार कळपाने राहणारे प्राणी कारणाशिवाय एकटे ठेवता येत नाहीत. अमेरिकी मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आवृत्तीतही समूहात ठेवणं हीच मूळ रीत मानली आहे. तरीही कारणं निघतातच. डोक्यावर विद्युताग्रं बसवलेला उंदीर गटात ठेवला तर इतर ती कुरतडतात. प्रत्येकाचं खाणं मोजायचं असेल तर वेगळं ठेवावं लागतं. भांडणारे नर वेगळे करावेच लागतात. अशा वेळी भोकं पाडलेल्या पडद्याने पिंजरा विभागून दोघांना वास आणि आवाज तरी पोचू द्यावा, हा एक बरा मार्ग आहे.

२०१० साली प्राणिप्रयोग कसे नोंदवावेत याचे ‘अराइव्ह’ नावाचे नियम आले. पिंजऱ्याचा प्रकार, भुसा, उजेड-अंधाराचे तास, तापमान यांच्या जोडीला त्यात एक बाब स्पष्ट मागितलेली आहे: प्रत्येक प्राण्याला पिंजऱ्यात सोबती किती होते. ओटावाच्या निबंधानंतर ४७ वर्षांनी ही ओळ आली. त्याआधीच्या ज्या निबंधांत ती माहिती दिलेली नाही, त्यांतली विषबाधेची मात्रा, गाठींची वाढ, भीतीचे गुण हे सारे आकडे कुठल्या वस्तीतून आले, हे आता कोणालाही विचारता येणार नाही. ते उंदीर नाहीत, आणि नोंदवहीत तो रकानाच नव्हता.